उतरता आलेख

दिल्लीत वाढलेल्या सरकारी नोकराच्या मराठी पोराला दोन गोष्टी जन्मतःच मिळतात: क्वार्टरचा पत्ता, आणि तो एक दिवस सोडावा लागणार याची खात्री. संपदा नगरकरला या दोन्ही मिळाल्या, आणि वर तिसरी मिळाली ती कागदाची शिस्त. तिचे वडील विनायकराव एका मंत्रालयात कारकून म्हणून लागले आणि सेक्शन ऑफिसर होऊन निवृत्त झाले. उभा जन्म त्यांनी फाईलवर नोटिंग लिहिलं. घरात भांडण झालं तरी ते ‘मुद्दा क्रमांक एक’ म्हणून सुरुवात करायचे. आई म्हणायची, ‘‘अहो, ही फाईल नाही, दुधी आहे. चिरून द्या.’’

अशा घरातली मुलगी मानसशास्त्राकडे वळली, तेव्हा नातेवाइकांनी नाकं मुरडली. संपदाने लक्ष दिलं नाही. शिकली, एका हॉस्पिटलात काही वर्षं काढली. लग्न झालं, मुलगी झाली. मग नवरा उन्मेष नोकरीसाठी बंगळुरूला गेला आणि तिथलाच झाला. भांडण नाही, तंटा नाही, फोन मात्र हळूहळू कमी होत गेले. आता संपदा, शाळकरी निधी आणि ऐकायला कमी येणारे विनायकराव असं तिघांचं घर मयूर विहारमध्ये होतं आणि ते संपदाच्या पगारावर चालत होतं. ती नोएडाच्या एका समुपदेशन कंपनीत कंत्राटावर होती. कंत्राट दर मार्चला नवं व्हायचं. फेब्रुवारी आला की तिला झोप लागायची नाही.

ती ज्या पद्धतीने उपचार करायची तिला आद्याक्षरांवरून आयपीटी म्हणतात. नाव मोठं, पण गाभा आपल्या आज्यांनाही ठाऊक असलेला. माणूस खचतो तेव्हा त्याच्या आसपास कुठेतरी एखादं नातं तुटलेलं, दुखावलेलं किंवा बदललेलं असतं. ते शोधायचं आणि ठरावीक बैठकांत त्यावर काम करायचं. प्रत्येक बैठकीआधी रुग्णाने नऊ प्रश्नांची उत्तरं द्यायची: झोप कशी, भूक कशी, मन लागतं का. नववा प्रश्न असा की, आपण नसतो तर बरं झालं असतं, असं वाटतं का. उत्तरांचे गुण मिळवले की एक आकडा निघतो. आकडा मोठा तितकं दुखणं मोठं. बैठक संपली की संपदाने नोंद लिहायची, तीही त्याच दिवशी, इंग्रजीत. आठवड्यात काय घडलं, मन कुठे खाली गेलं, कोणाशी बोलणं झालं, जोखीम किती. मग आकड्यांचा आलेख पडद्यावर आपोआप उमटायचा.

कंपनीचा सगळा जीव त्या आलेखात. तो खाली उतरला की वरचे खूश, विमावाले खूश. माणसाला कोणी विचारत नव्हतं असं नाही, पण जे विचारायचं ते त्या नऊ प्रश्नांतच. आणि संपदाच्या नोंदी म्हणजे मोत्याचे दाणे. नव्या मुलींना सांगत, नोंद कशी लिहावी ते नगरकर मॅडमकडून शिका. संपदाला याचा अभिमान होता, आणि अभिमान कधी गळ्याशी येईल ते सांगता येत नाही.

ऑक्टोबरात विश्वनाथ दिघे पहिल्यांदा तिच्या केबिनमध्ये आले. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन, वेळेच्या आधी हजर. अंडर सेक्रेटरी होऊन दोन वर्षांपूर्वी निवृत्त झालेले गृहस्थ. नेताजीनगरचं क्वार्टर सुटलं, तेव्हापासून ते नोएडात मुलाच्या, यशोधनच्या, चौदाव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये राहत होते. झोप येत नाही म्हणून डॉक्टरकडे गेले, त्याने इकडे पाठवलं. मराठी बोलणारं कोणी आहे का, एवढंच त्यांनी काउंटरवर विचारलं होतं.

संपदाने वही उघडली तसे ते पुढे वाकले. ‘‘नोटिंग का?’’

‘‘हो काका, तसंच काहीसं.’’

‘‘कुणाकडे पुट अप होतं? वर सहीला कोण?’’

संपदाला हसू आलं. वडील कोणत्या मंत्रालयात होते, तेही ती सांगून बसली. मग काय, दिल्लीतली मराठी माणसं ती! कुठलं क्वार्टर, कुठला ब्लॉक, गणपतीत नाटक कुठे बसायचं, सगळं निघालं. काका तिला ‘पोरी’ म्हणू लागले. बैठक छान रंगली. आता मागे वळून पाहिलं तर जरा जास्तच छान रंगली.

दुखणं होतं गुलाबरावांचं. गुलाबराव त्याच ऑफिसातले, समोरच्याच ब्लॉकमधले. पहाटे फिरणं बरोबर, चार्टर्ड बस बरोबर, दुपारचा डबा बरोबर. क्वार्टरं पाडायला काढली तेव्हा काका नोएडाला आले आणि गुलाबराव मुलीकडे भोपाळला गेले. तिथे एका सकाळी चहा घेता घेता गेले. काकांना कळलं ते जुन्या ऑफिसच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरून, सगळे दिवस-वार उरकल्यावर. ‘‘सगळ्यांनी हात जोडल्याचं चित्र टाकलं,’’ काका म्हणाले. ‘‘मीही टाकलं. आणखी काय टाकणार?’’

या उपचारात सुरुवातीला एक चित्र काढायला देतात. मधे आपण, भोवती तीन वर्तुळं, आणि आपली माणसं जवळ-लांब अशी मांडायची. काकांनी सर्वांत आतल्या वर्तुळात गुलाबरावांचं नाव लिहिलं.

‘‘काका, ते तर...’’

‘‘गेला, माहितीये. पण जागा त्याचीच आहे ना.’’

यशोधन आणि सून दुसऱ्या वर्तुळात आले. पेन खाली ठेवलं. संपदाने हळूच विचारलं, ‘‘आणि काकू?’’

काका गोंधळले. ‘‘प्रभाला कुठे लिहू? ती तर घरातच असते.’’

संपदाने हे नोंदीत शब्दशः लिहिलं. नवव्या प्रश्नावर काकांनी ‘बरेच दिवस’ असं लिहिलं होतं, तेव्हा तिने सरळ विचारलं. काकाही सरळ बोलले: विचार येतो, ठरवलेलं काही नाही. घरी सांगूया, असं ती म्हणाली, तर ते उठून उभेच राहिले. ‘‘प्रभाला यातलं अक्षर कळता कामा नये. कळलं तर मी पुन्हा येणार नाही.’’ येणं थांबण्यापेक्षा गुप्तता परवडली, असा हिशेब संपदाने केला. फार वाईट वाटलं तर आधी तिला फोन करायचा, असा शब्द तिने त्यांच्याकडून घेतला आणि तेही लिहून ठेवलं.

पुढच्या दोन मंगळवारी काका आले, बोलले, गेले. आकडा होता तिथेच. एकविसाच्या खाली उतरायचं नाव नाही. संपदाची वरिष्ठ कृतिका स्वभावाने वाईट नव्हती, पण तिच्याही डोक्यावर कोणीतरी बसलेलं होतंच. ती एका दुपारी म्हणाली, ‘‘यार संपदा, ये दिघे वाला ग्राफ तो बिल्कुल फ्लैट है. आठवीं सिटिंग तक आधा नहीं हुआ तो रिव्ह्यूमध्ये जाणार. आणि तुझं रिन्युअल पण त्याच महिन्यात बघतात.’’ कृतिकाला संपदाच्या संगतीने मोडकंतोडकं मराठी यायला लागलं होतं, आणि वाईट बातमी ती नेमकी मराठीत द्यायची.

त्याच दिवशी काकांची बैठक होती. समोर बसल्या बसल्या ते म्हणाले, ‘‘पोरी, चेहरा का उतरलाय?’’

इथे संपदाने हसून विषय बदलायला हवा होता. शिकवलं होतं तसं. समोर कोणी शर्मा किंवा अरोरा असते, तर तिने बदललाही असता. पण तो आवाज होता क्वार्टरमधल्या काकांचा, शाळेतून येताना ‘दमलीस का गं’ म्हणून विचारणारा. बऱ्याच दिवसांत तिला कोणी तसं विचारलं नव्हतं. ती बोलून गेली. ‘‘काही नाही हो काका. तुमचा आलेख खाली येत नाही ना, म्हणून आमच्या मॅडम माझ्या कंत्राटाकडे बघतायत.’’ आणि आपण थट्टा केली असं दाखवायला हसली.

काका हसले नाहीत. त्यांनी चष्मा पुसला आणि दोन साधे प्रश्न विचारले: किती खाली यायला हवा? आणि कधीपर्यंत? संपदाने सांगितलं. सांगताना तिच्या मनात काहीच आलं नाही.

वाचणाऱ्याच्या लक्षात आलं असेलच. ज्याने आयुष्यभर फाईली निकालात काढल्या, त्याला नेमकं काय सांगितलं गेलं होतं ते कळायला वेळ लागत नाही. लक्षात आलं नाही ते फक्त संपदाच्या, कारण तिला ते लक्षात यायला नको होतं. आकडा पुढच्या आठवड्यात थोडा उतरला. मग आणखी. एकदा किंचित वर गेला, खऱ्या माणसाचा जातो तसा, आणि पुन्हा उतरला. नवव्या प्रश्नावर ‘अजिबात नाही’ आलं. संपदाने खोदून विचारलं तेव्हा काका म्हणाले, ‘‘आता बरं आहे गं. तुझ्याशी बोलून हलकं वाटतं.’’ जोखमीच्या रकान्यात तिने लिहिलं: नाही. आठव्या बैठकीला आकडा बरोबर अर्ध्यावर आला. कृतिकाने तो आलेख प्रशिक्षणाच्या स्लाइडवर घातला. संपदा त्या रात्री निधीला घेऊन छोले-भटुरे खायला गेली.

जानेवारीत, संक्रांतीच्या आठवड्यात, शेवटची बैठक झाली. निघताना काका दारात थांबले. ‘‘माझ्याकडून काही बाकी नाही ना, पोरी?’’

‘‘नाही हो काका. तुम्ही तर माझे सर्वांत गुणी पेशंट.’’

‘‘म्हणजे केस बंद? तशी ऑर्डर निघाली?’’

संपदाने लाडात येऊन पडदा त्यांच्याकडे वळवला. हिरव्या अक्षरांत ‘बंद’ लिहिलं होतं. काकांनी ते नीट वाचलं, मान हलवली आणि हात जोडून गेले.

त्यानंतरच्या शनिवारी जनकपुरीला मराठी बायकांचं संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. बाहेर धुकं इतकं की दुपारीही दिवे लावलेले. हॉलमध्ये हीटर, काळ्या साड्या, तिळगूळ आणि वाण म्हणून चहाची गाळणी. संपदा अशा कार्यक्रमांना फारशी जात नसे, पण आई असताना जायची म्हणून वर्षातून एकदा जायची. तिच्या शेजारच्या खुर्चीवर एक ठेंगण्या, हसऱ्या बाई येऊन बसल्या. नोएडाहून एकट्या आल्या होत्या. ‘‘मी चंद्रप्रभा. मिसेस दिघे,’’ त्या म्हणाल्या. ‘‘आधी नेताजीनगरला होतो आम्ही.’’

संपदाने हातातला तिळगूळ तसाच ठेवला. ओळख दाखवायची नाही, हा नियम. ती म्हणाली, ‘‘अच्छा! एवढ्या लांब आलात?’’

‘‘अगं, मी येतच नव्हते! पण ह्यांनी धाडलं. स्वतः कॅब बुक केली. म्हणाले, निवांत जा, घाई करू नकोस. मुलगा-सूनही आज जयपूरला लग्नाला गेलेत ना.’’ काकू खुशीत होत्या. ‘‘काय सांगू तुला, गेले महिनाभर माणूस इतका बदललाय! आधी घुम्यासारखे बसायचे. आता मला सगळं शिकवतात. गॅस मोबाईलवरून कसा बुक करायचा, विजेचं बिल कसं भरायचं, बँकेत कोणाला भेटायचं. काल तर परीक्षा घेतली माझी! सगळी उत्तरं बरोबर आली तर म्हणाले, चला, आता काळजी नाही.’’

शेजारच्या बायका हसल्या. एकजण म्हणाली, ‘‘नशीबवान आहात, आमचे अजून मोजे शोधायला लावतात.’’

संपदा सेक्शन ऑफिसरची मुलगी होती. वडिलांच्या प्रत्येक बदलीआधी तिने हे पाहिलं होतं. जाणारा माणूस येणाऱ्याला शेजारी बसवतो, कपाटं दाखवतो, कुठली फाईल कुठे ते पाठ करून घेतो, पुन्हा विचारून खात्री करतो. याला चार्ज देणं म्हणतात. चार्ज दिल्याशिवाय कुठलाही सरकारी माणूस जागा सोडत नाही. आणि दिला की थांबत नाही.

मग एकामागून एक सगळं तिच्यापुढे उभं राहिलं. किती खाली, कधीपर्यंत. शिस्तीत उतरलेले आकडे. माझ्याकडून काही बाकी नाही ना. आपण केलेला उपचार हा उपचार नव्हताच. एका मरायला निघालेल्या माणसाने जाता जाता आपली नोकरी राखली होती, आणि आपण त्याला दर आठवड्याला सुबक इंग्रजीत दुजोरा देत होतो.

‘‘काकू, उठा. आपल्याला आत्ता तुमच्या घरी जायचंय.’’

‘‘अगं, अजून उखाणे...’’

‘‘उठा!’’

ती त्यांना हाताला धरून जवळजवळ ओढतच मेट्रोपर्यंत घेऊन गेली. धुक्यात रस्त्याने गेलं तर रात्र झाली असती. प्लॅटफॉर्मवर तिने काकांना फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. पुन्हा वाजला. फार वाईट वाटलं तर आधी फोन करेन, असा शब्द दिला होता त्यांनी. पण शब्द केस चालू असेपर्यंतचा होता, आणि केस तिनेच बंद केली होती.

बायकांच्या डब्यात दोघी कोपऱ्यात बसल्या, कपाळावर ताजं हळदीकुंकू घेऊन. ‘‘काकू,’’ संपदा म्हणाली, ‘‘काका दर मंगळवारी माझ्याकडे येत होते.’’

‘‘तुझ्याकडे? ते तर सिनियर सिटिझनच्या योगा क्लासला...’’

संपदाने सांगितलं. नियम होता की सांगायचं नाही, आणि त्याच्याही वरचा नियम होता की जीव जात असेल तर सांगायचं. तो वरचा नियम तीन महिने कुठे झोपला होता, हे तिचं तिला माहीत. काकू आधी म्हणाल्या, ‘‘चल, काहीतरीच!’’ मग म्हणाल्या, ‘‘ह्यांना? असं?’’ गाडी जमिनीखाली शिरली. काकूंचे ओठ हलत होते. देवाचं नाव असेल असं संपदाला वाटलं, पण जवळ वाकली तर त्या म्हणत होत्या, ‘‘सगळी उत्तरं बरोबर दिली मी. सगळी बरोबर दिली.’’

काकूंच्या फोनमध्ये सोसायटीच्या गेटचा नंबर होता. संपदाने लावला. ‘‘भैया, चौदह सौ तीन में साहब अकेले हैं. अभी ऊपर जाइए.’’

‘‘मैडम, गेट पर मैं अकेला हूँ. कैसे छोड़ूँ?’’

‘‘छोड़ दीजिए गेट! मैं हाथ जोड़ती हूँ, भैया!’’ डब्यातल्या बायका वळून पाहू लागल्या. पाहू देत.

मध्ये किती स्टेशनं गेली कोण जाणे. उभ्या जन्मात तिने कधी देवाला काही मागितलं नव्हतं. आता मागत होती, लाज सोडून, लहान मुलासारखी. फोन वाजला. ‘‘मैडम, साहब ने दरवाज़ा खोला. कह रहे हैं, सब ठीक है, जाओ.’’

‘‘जाना नहीं! अंदर बैठ जाइए. पानी माँगिए, चाय माँगिए, कुछ भी माँगिए, हटिए मत वहाँ से. हम आ रहे हैं.’’

संपदाला ज्या एका गोष्टीची खात्री होती ती ही: विश्वनाथ दिघे दारात आलेल्या माणसाला चहा दिल्याशिवाय घालवणार नाहीत. तेवढ्या एका गोष्टीवर तिने आशा टांगून ठेवली होती.

चौदाव्या मजल्यावर पोचल्या तेव्हा दार उघडंच होतं. गार्ड सोफ्याच्या कडेवर अवघडून बसला होता आणि त्याच्या हातात चहाचा दुसरा कप होता. समोर काका, इस्त्रीचा शर्ट, दाढी केलेली. घर इतकं आवरलेलं की बघवेना. संपदा तिथेच चपलांच्या स्टँडपाशी खाली बसली. गार्ड सुटका झाल्यासारखा उठून गेला.

काकांनी दोघींकडे पाहिलं, आणि ते संपदाला म्हणाले, ‘‘पोरी, हे नियमात बसत नाही.’’

‘‘काका, आज काय ठरवलं होतं?’’

त्यांनी सांगितलं. फाईल वाचून दाखवावी तसं, आवाज न चढवता. ते इथे लिहिण्यात अर्थ नाही. मग म्हणाले, ‘‘तुझ्यावर काही आलं नसतं. केस बंद झाल्यावरचं आहे ना हे. मी मुद्दाम थांबलो होतो.’’

संपदा रडायला लागली. समुपदेशकाने रडू नये म्हणतात, म्हणोत. ‘‘माझ्यासाठी थांबलात? माझ्या त्या मेल्या आलेखासाठी?’’

‘‘तुला घर आहे, मुलगी आहे. माझा आता कुणाला उपयोग आहे? ज्याला होता तो गेला. हिची सोय लावून दिली.’’

काकू तोवर दारातच उभ्या होत्या. हातातली वाणाची पिशवी त्यांनी खाली टाकली, गाळणी फरशीवर घरंगळत गेली. त्या पुढे आल्या आणि त्यांनी नवऱ्याच्या शर्टाची कॉलर धरली. एवढ्याशा बाईने, दोन्ही मुठींत. ‘‘माझी सोय?’’ त्या ओरडल्या. ‘‘तुमच्या ऑफिसात समोरच्याने सही केल्याशिवाय सोडतात का कुणाला? मी घेतलाय चार्ज? मला विचारलंत? मला नाही येत गॅस बुक करायला! विसरले मी! सगळं विसरले!’’

काकांनी कॉलर सोडवून घ्यायचा प्रयत्न केला नाही.

संध्याकाळी तिघं हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत बसली होती. यशोधन जयपूरहून निघाला होता. संपदाने बाहेर जाऊन कृतिकाला फोन केला आणि दिघेंची केस पुन्हा उघडायला सांगितली.

‘‘यार, वो तो स्लाइडवर आहे!’’

‘‘स्लाइड काढ. आकडे खोटे आहेत, कारण मी त्यांना माझ्या कंत्राटाचं सांगितलं होतं. हे असंच्या असं लिही. माझ्या नावाने.’’

मग कृतिका म्हणाली, ‘‘तुला कळतंय ना, मार्चमध्ये काय होईल?’’ संपदाला कळत होतं. घरी ऐकू न येणारे वडील होते आणि निधीची शाळा होती. तिने फोन ठेवला.

आत एक तरुण डॉक्टरीण काकांच्या हातात कागद देत होती. तेच नऊ प्रश्न. काकांनी खिशातलं पेन काढलं, सवयीने पहिल्या ओळीवर टेकवलं आणि थांबले. त्यांनी संपदाकडे पाहिलं. ती म्हणाली, ‘‘माझ्यासाठी नको, काका.’’

या वेळी त्यांना वेळ लागला. एकेक प्रश्न ते ओठ हलवत वाचत होते, पहिल्यांदा वाचावा तसे. काकू शेजारी बसल्या होत्या. हॉस्पिटलला येताना त्यांनी नवऱ्याच्या शर्टाची बाही धरली होती, ती अजून सोडली नव्हती. नवव्या प्रश्नापाशी काकांनी शेवटच्या रकान्यात खूण केली. काकूंनी चष्मा वर करून ती ओळ वाचली. पुन्हा वाचली.

‘‘रोज?’’ त्यांनी विचारलं.

‘‘रोज.’’

‘‘आणि मी रोज तुमच्या शेजारी झोपत होते,’’ काकू म्हणाल्या.